श्वास घेणारी गाडी

आत्याची गाडी भंगारात निघाली. साहेबांनी शिक्का मारला, शाई वाळली, विषय संपला.

आता हे विसरा. असं काही झालंच नाही, असं आत्या म्हणते. पटत नसेल तर तिच्याशी वाद घालून बघा. भाचीने घालून बघितला आहे.

झालं ते इतकंच, की त्या सकाळी आत्या, आतोबा आणि भाची गाडी आरटीओ ऑफिसात तपासणीला घेऊन गेले. गाडी साधी नव्हे. तिला ब्रेकचे पेडल दोन: एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शिकवणाऱ्या आत्याच्या. अर्ध्या शहराला आत्याने याच गाडीत ड्रायव्हिंग शिकवलं होतं आणि तिच्या क्लासकडे गाडी म्हणाल तर हीच. ही गेली की क्लास गेला.

गाडीला एक खोड होती. इंजिन चालू झालं की बॉनेटखालून ‘स्स्स’ असा आवाज यायचा. आतोबा कौतुकाने म्हणायचे, "श्वास घेतेय." श्वास वाढला की गाडी उभ्या जागी आचके देऊन बंद पडायची. मग आतोबा कार्बोरेटरवरचा बारका स्क्रू पिळून रेस वाढवायचे आणि हात पुसत जाहीर करायचे, "ठणठणीत!" असं करत करत गाडी आता सिग्नलला उभी असतानाही कुणाचा तरी सूड घ्यायला निघाल्यासारखी गुरगुरायची.

तपासणी करणाऱ्या साहेबांनी सगळ्यात आधी तो स्क्रू मूळ जागी आणला. गाडी थरथरली, उचकी दिली आणि गप्प झाली.

"निकामी," साहेब म्हणाले आणि शिक्का मारला. मारताना नजर खाली होती, कारण साहेब आत्याचेच जुने विद्यार्थी. "बाई, उतरा आता. दुपारी क्रेन येईल."

"मी नाही उतरत."

"बाई, क्रेन तुमच्यासकट उचलेल."

"उचलू दे. तुझं ऑफिस वरून कसं दिसतं ते तरी बघते."

"नियम आहे हो. जागेवर बंद पडणारी गाडी..."

"जागेवर बंद तू पण पडायचास. चढावर तर रडायचास. मी मारला होता का शिक्का?"

रांगेतला ट्रकवाला मोठ्याने खोकला. साहेबांचे कान लाल झाले. "क्रेन येईपर्यंत काय करायचं ते करा," म्हणून ते आत गेले.

आत्याने सीटबेल्ट आणखी आवळला. मग भाचीला हळूच म्हणाली, "ही गेली तर मी काय घरी खुर्चीला क्लच लावून बसू?"

भाचीला ते आवडलं नाही. आत्या हळू बोलते म्हणजे प्रकरण गंभीर. तिने बॉनेट उघडलं.

भाची दातांच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर लोकांच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरायची. नळी नीट ओढतेय की मध्येच कुठून हवा खातेय, हे तिला आवाजावरून कळायचं. बॉनेटखाली तेच होतं, फक्त तोंड मोठं. चालतं इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीवर नळ्यांमधून फुकटची कामं करून घेतं. त्यातली सगळ्यात जाड नळी ब्रेककडे जाते, पाय हलका पडला तरी ब्रेक लागावा म्हणून. पण नळी फाटली की नको तिथून हवा घुसते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन आचके देतं.

"आतोबा, तुमचा श्वास फाटलाय."

"काहीतरीच! इतकी वर्षं घेतेय."

"श्वास इंजिनाने घ्यायचा असतो, नळीने नाही. आता सगळे गप्प बसा, मला ऐकू दे."

घराण्यात ही मागणी पहिल्यांदाच झाली होती. आतोबांनी तोंडावर हात ठेवला. आत्या गाडी पुन्हा सुरू करून, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून ती बंद पडू देत नव्हती. भाचीने पक्कड घेऊन एकेक बारीक नळी चिमटली. आचके तसेच. तिला वाटलं, दोष कार्बोरेटरच्या बुडाशी असणार. तिथे पाणी शिंपडून पाहिलं. चेहरा भिजला, इंजिनाला फरक शून्य. शेवटी तिने जाड नळी इंजिनाकडून उपटली आणि इंजिनाच्या बाजूच्या उघड्या तोंडावर अंगठा दाबला.

इंजिन शांत झालं. अंगठा काढला की आचके, लावला की शांत.

"सापडलं!"

"मग अंगठा तिथेच ठेव," आत्या म्हणाली. "बॉनेटवर बसून येत जा. हलकी आहेस."

नळीवर आतोबांनी वेळोवेळी गुंडाळलेल्या चिकटपट्टीचे थर होते. ते सोलल्यावर खालच्या बाजूने लांबलचक चीर निघाली.

"आत्या, ब्रेक जड लागत नव्हता?"

"ब्रेक जडच असतो. दात आवळून, सगळं वजन टाकून दाबायचा. मी सगळ्यांना तसंच शिकवलंय."

त्या शहरात कुठल्याही गाडीत मागे बसलेल्याचं नाक पुढच्या सीटवर आपटलं की लोक शांतपणे विचारतात, "आत्याचा क्लास का?" त्याचं कारण भाचीला त्या क्षणी कळलं.

आतोबांनी चूक भरून काढायला आवारातल्या नळाचा पाइप कापून आणला. इंजिनाने तो एका ओढीत चपटा केला. जाड, न दबणारी नळी हवी होती. आवाराच्या कोपऱ्यात ऑफिसची जुनी जीप होती. चाकांत गवत, सीटवर चिमण्यांचं घरटं आणि काचेवर ‘तपासणीत उत्तीर्ण’चं नवंकोरं स्टिकर. बॉनेटच्या सावलीत तिची नळी अजून शाबूत होती. भाचीने ती काढली.

साहेब धावत आले. "अहो, ती ऑफिसची जीप आहे!"

"चालते?" आत्याने खिडकीतून विचारलं.

"कागदावर चालते."

"मग कागदावर तिला नळी पण आहे. जा, काम कर."

नळी बसली. स्क्रू साहेबांनी लावला होता तिथेच. आत्याने चावी फिरवली. ना ‘स्स्स’, ना गुरगुर. तिचा चेहरा उतरला. "पडली ना बंद?"

"चालू आहे, आत्या."

आत्याने स्टिअरिंगवर तळवा टेकवला. बराच वेळ काढला नाही. मग खसकन नाक ओढून ओरडली, "अरे साहेब, बस आत! घे परीक्षा!"

साहेब बसले, गाडी सुटली. तेवढ्यात फाटकातून क्रेन आत आली. आत्याने ब्रेक दाबला, नेहमीसारखा, दात आवळून. पण आता नळी धड होती. साहेब आणि शिक्का, दोघंही काचेला जाऊन चिकटले.

"ब्रेक आहे," साहेब नाक धरून म्हणाले.

"मग खोड तो शिक्का."

"शिक्का मारता येतो, बाई. खोडायची सोय नाही. गाडी भंगारात गेली. आता ही रस्त्यावर येऊ शकत नाही."

"आणि या आवारात?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आवार... भंगार ठेवायलाच आहे."

"झालं तर!"

क्रेनवाल्याला गाडी उचलायचा हुकूम होता, पण त्यासाठी ती आधी थांबायला हवी होती. आत्या थांबली नाही. जीपला वळसा, ट्रकला वळसा, क्रेनलाही वळसा. आतोबा मागून मोठ्या अभिमानाने सांगत होते, "बघा, श्वाससुद्धा घेत नाही!"

तेव्हापासून क्लास त्या आवारातच भरतो. क्रेनवालाही येतो; त्याचं रिव्हर्स कच्चं आहे. आत्याने ऑफिसात अर्ज दिला आहे, तो असा:

"सदर आवारात भंगार गाडीवर नियमित ड्रायव्हिंग क्लास चालू असून, मधोमध उभ्या असलेल्या आपल्या कार्यालयाच्या इमारतीमुळे रिव्हर्सच्या सरावास अडथळा होत आहे. तरी सदर इमारत जिन्यासह व साहेबांसह थोडी उजवीकडे सरकवून मिळावी, ही नम्र विनंती."