पितळी झाडाला वळसा

थियानं पितळी झाडाला वळसा घातला, आणि पलीकडे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आज वळसा घालायचं काही कारणच उरलेलं नव्हतं.

कॉलेजच्या जुन्या इमारतीत शिरलं की फरशीत सपाट बसवलेलं ते पितळेचं ओकचं झाड. डिग्रीआधी ज्याचा पाय त्याच्यावर पडला, तो चार वर्षांत काही सुटत नाही, असं पोरं मानायची. गणितात पहिली येणारीसुद्धा! हसायची, थट्टा करायची, पण पाय टाकायची नाहीत. पदवीदानाच्या सकाळी मात्र काळ्या गाऊनांची सगळी रांग त्याच्यावर धाडधाड पाय आपटत सभागृहात जायची. थिया आणि मर्लिसनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, आपण दोघींनी एकदमच आपटायचा.

"कुठे उलथली होतीस गं?" मर्लिस जिन्यावरून ओरडतच खाली आली. बुटांना बर्फाचा चिखल तसाच. एप्रिल अर्धा सरला तरी मिनेसोटाची थंडी हलायला तयार नव्हती. "गाऊनची मापं घेतायत. माझं डोकं म्हणे भोपळ्याएवढं, टोपीच बसेना!"

"तू ये देऊन."

"आणि तू काय, चादर गुंडाळून येणार?"

थियानं पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला. सकाळीच कॉलेजच्या सल्लागार हॉल्वरसनबाईंसमोर बसून तिनं त्यावर सही केली होती. दर सत्राला दोनच विषय, अजून दोन वर्षं. तिसऱ्या वर्षापासून तिला फिट्स येत होत्या. जागरण झालं की हमखास यायच्या, आणि चार-चार विषय म्हणजे रोजचं जागरण. एकेक करत विषय राहत गेले होते. मर्लिसला मात्र ती सांगत आली होती, की उन्हाळ्यात सगळे भरून काढले.

मर्लिसनं कागद दोनदा वाचला.

"भरून काढले म्हणालीस."

"खोटं बोलले."

"माझ्याशी?"

"तुझ्याबरोबर जायचं होतं गं मला. इतकं वाटत होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं."

मर्लिसचे कान लाल झाले. राग आला की तिचे आधी कानच तापायचे. तिनं कागद परत थियाच्या हातात कोंबला.

"मग दे की आता पाय त्या झाडावर! आता काय बिघडणार आहे तुझं?"

थिया क्षणभर झाडाकडे बघत राहिली. मग कागदाची नीट घडी घातली, पिशवी खांद्यावर सरकवली आणि कडेकडेनं, पुन्हा वळसा घालूनच, दाराकडे गेली.

"मला डिग्री घ्यायचीय, मर्लिस," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे एका खोलीत राहूनही दोघी कामापुरतंच बोलल्या. मर्लिस खोकी भरत होती. थिया दहाला दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडायची. भिंतीवरचे दोघींचे फोटो कुणी न्यायचे, हा विषय कुणीच काढला नाही.

पदवीदानाच्या सकाळी थिया झाडाशेजारी कार्यक्रमपत्रिका वाटायला उभी राहिली. खोलीवरच बसावं असं हजारदा वाटलं होतं, पण पाय इकडेच वळले. रांग आत आली. धाड, धाड, धाड. कुणी उडी मारून दोन्ही पाय आपटले, कुणाची आई टाळ्या पिटत होती.  त्या रांगेत जायला थियानं काय वाटेल ते दिलं असतं.

मर्लिस आली. टोपी खरंच तिच्या डोक्यावर जेमतेम टेकली होती. झाडाशी येऊन ती थांबली, तशी मागचा पोरगा तिच्यावर आदळता आदळता राहिला.

मग तिनं गाऊन दोन्ही हातांनी वर धरला आणि कडेकडेनं झाडाला वळसा घातला.

"अगं, राहिलं तुझं!" तो पोरगा ओरडला. "झाडावर दे की पाय!"

"माहितीये," मर्लिस म्हणाली, आणि थियाच्या हातातली पत्रिका ओढून घेतली. "अजून दोन वर्षं आहेत."