मंत्राने सुटलेली धार

साठ माणसं डोळे मिटून बसली होती आणि त्यांत सगळ्यांत घट्ट मिटलेले डोळे माझे होते.

आमची लाँच भर पाण्यात थांबली होती. लाँचच्या तळाला एक भोक असतं. त्यातून पाणी ओढलं जातं, ते इंजिनाला थंड ठेवतं आणि बाजूच्या तोटीतून धार होऊन बाहेर पडतं. त्या दिवशी धार आटली, तापमानाचा काटा तांबड्यात गेला आणि बावीस वर्षं लाँच हाकणारा मी गांगरलो. तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक भगव्या कफनीतले बाबा उठले. यंत्रालाही ताप चढतो, म्हणाले. इंजिन बंद करा, मौन पाळा. मग पाव तास ते पुटपुटत होते. त्यातलं ‘शीत, शीत, महाशीत’ एवढंच मला कळलं. मी किल्ली फिरवली आणि धार धो धो सुटली. सगळ्यांनी हात जोडले. पाया पडायला पहिला नंबर माझा, वाचनालयात विवेकावर तीन भाषणं ठोकलेल्या माणसाचा.

उतरताना बाबांनी जाळीच्या डब्याला काळा दोरा गुंडाळला. ओढलेल्या पाण्यातला कचरा ही जाळी अडवते आणि मी ती रोज सकाळी धुतो. एकवीस दिवस झाकण उघडायचं नाही, आत मंत्र मुरतोय, असं बाबांनी बजावलं. मीही मुरू दिला. शेवाळ आणि कुजकी पानंही मुरू दिली.

नवव्या दिवशी दुपारी माझ्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या. ती शाळेत विज्ञान शिकवते. इस्पितळ पलीकडच्या काठावर. मेहुण्यांनी तिला लाँचवर चढवलं आणि निम्म्या वाटेत धार पुन्हा आटली. मी इंजिन बंद केलं, डोळे मिटले आणि ‘शीत, शीत’ सुरू केलं. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली, धार आली. लाँच थोडी पुढे गेली आणि परत तेच. मी पुन्हा डोळे मिटणार तोच बहिणीने माझी कॉलर धरली.

“दादा, इंजिन चालू असलं की भोक पाणी ओढतं ना? मग ओढीने एखादी पिशवी येऊन चिकटली तर?”

“धार आटेल.”

“आणि इंजिन बंद केलंस की?”

मी वाकून तोटीकडे बघितलं.

“ओढ थांबते, पिशवी सैल पडते. चालू केलंस की परत चिकटते. तुझा बाबा नुसता वेळ काढत होता. डबा उघड, नाहीतर हे बाळ तुझ्याच हातावर येईल.”

मंत्रापेक्षा ही धमकी लवकर लागू पडली. मी दोरा कापला, भोकाचा कॉक, म्हणजे पाण्याची चावी, बंद केला, झाकण उघडलं. जाळी चिखलाने गच्च भरली होती. ती काढून कॉक पुन्हा उघडला, तर पाणी उसळायच्या ऐवजी झिरपत होतं. जाड तार खाली ढोसली. भोकात अर्धी शिरलेली प्लास्टिकची पिशवी बाहेर ढकलली गेली आणि पाणी थेट माझ्या तोंडावर आलं. तेवढं मला हवंच होतं. कॉक बंद करून जाळी धुऊन बसवली, झाकण लावलं, कॉक उघडला, किल्ली फिरवली. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

चार दिवसांनी बाबा धक्क्यावर भेटले. भोवती गर्दी होतीच. मी इंजिन चालू ठेवून बांबूच्या टोकाने तळाच्या भोकाशी पिशवी धरली, धार आटली. म्हटलं, “बाबा, आता इंजिन चालू असताना मंत्र म्हणा.”

“आधी इंजिन बंद करा,” बाबा म्हणाले.

“बंद केल्यावर तर मीही बाबा.” लोक हसले आणि बाबांना एकाएकी दुसरीकडे जायची घाई झाली.

पण मला फार हसू आलं नाही. त्या दिवशी इस्पितळात भाची जन्मली तेव्हा तिच्या गळ्याभोवती नाळ होती. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून सांगतो, आत बघू नका असं जो बजावतो, त्याच्यासमोरच आत बघा. बाबाने फक्त दोरा बांधला होता. नऊ दिवस झाकण उघडलं नाही ते मी.