पिवळं अक्षर नको

दिराला पिवळं अक्षर चालत नसे. हिरवं चाले. लाल आलं तर निदान घाबरता तरी येतं, असं तो म्हणे. पिवळं म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही.

कृत्रिम पाय बनवणारा तो कारखाना दिराचा, आणि तिथले कॉम्प्युटर वहिनीकडे. रोज अकरा वाजता बॅकअप, म्हणजे सगळ्या फायलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत. अकराच का? तर तेव्हा दिराचा चहा येई, आणि डोळ्यांदेखत घडलं नाही ते घडलंच नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. मापाच्या खोलीत गर्दी असायची तीही नेमकी अकराला. प्रत निघाली की पडद्यावर पिवळ्या अक्षरांत उमटे:

वाचता वाचता फाइल बदलली: मशीनची नोंद.
वाचता वाचता फाइल बदलली: मापं.

"हे काय, वहिनी?"

"इशारा, भाऊजी. प्रत निघत होती, तेव्हाच फूटपट्टी त्यात लिहीत होता."

फूटपट्टी म्हणजे मापं घेणारा. अंगानं आणि स्वभावानं सरळ.

"म्हणजे बॅकअप फसला?"

"फसला नाही. मशीनची नोंद बदलली तर बदलू दे, ती नुसती बडबड आहे. पण मापांची फाइल अर्धी आधीची, अर्धी नंतरची निघू शकते. दोन मिनिटं लिहिणं थांबवा, बस."

"दोन मिनिटं! आणि गिऱ्हाईक तोवर काय करणार, माझं तोंड बघणार?"

तेवढी शिक्षा कुणाला देऊ नये हे वहिनीला पटलं.

दिरानं बाहेरून एक तज्ज्ञ आणला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर त्याच्यापेक्षा हुशार दिसणारा फोटो. त्यानं कॉम्प्युटरमध्ये एक ओळ लिहिली: इशारे दाखवू नकोस. कामाच्या कागदावर लिहिलं: दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी सगळं हिरवं. दिरानं बॅकअपचा अहवाल छापून भिंतीवर लावला. इशारे: शून्य. चार महिने तो येणाऱ्या-जाणाऱ्याला शून्य दाखवत होता. आयुष्यात कमावलेलं काहीतरी माणसानं दाखवावंच.

मग मंगळवारी एक बसचालक बाई आली. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. उरलेला पाय थोडा आटला होता, त्यावर बसणारा जुना साचा सैल होत होता. शुक्रवारी तिची गाडी चालवायची फेरपरीक्षा. पास झाली तर बस परत हातात, नाहीतर डेपोत बसून राहायचं. फूटपट्टीनं मापं घेतली, अकराच्या सुमारास टाइप केली. कागदावर नाही. कागद दिरानं बंद केले होते, जुनाट दिसतात म्हणून.

दुपारी मूळ डिस्क गेली.

"बॅकअप आहे ना?" दीर म्हणाला, आणि भिंतीकडे असा पाहून हसला की जणू शून्यानंच त्याला वाचवलं. बॅकअप परत घातला. फाइल निमूट उघडली. साचा कोरायच्या मशीननं त्यातली मापं घेतली.

जुनी मापं: वर ३३, मध्ये ३१, खाली २८.
नवी मापं: वर ३१, मध्ये २९, खाली २६.
परत आलेली: वर ३३, मध्ये ३१, खाली २६.

गुरुवारी बाईनं पाय चढवला, चार पावलं टाकली.

"खाली नीट बसतोय. वर डुगडुगतोय."

"फूटपट्टी," दीर ओरडला, "डोळे कुठे ठेवून मापं घेतोस?"

फूटपट्टीची मान खाली गेली. त्याला खरंच वाटलं की चूक आपलीच. सरळ माणसाचा हा रोगच असतो.

"माप त्यानं बरोबर घेतलं होतं," वहिनी म्हणाली. "प्रत अर्धीच नवी निघाली. कॉम्प्युटर हे रोज सांगत होता, त्याचे इशारे बंद करेपर्यंत."

"मग ऐकलं का नाही, ताई?"

"भाऊजींना रंग आवडला नाही."

बाई दिराकडे वळली.

"साहेब, डोक्यात काही आहे, की तिथेही इशारे बंद केलेत?"

शुक्रवारपर्यंत दुसरा पाय होणं शक्य नव्हतं. बाई जुन्याच पायात चार मोजे कोंबून परीक्षेला गेली. तिसऱ्या थांब्याला पाय ब्रेकवरून घसरला. पुढची तारीख सहा महिन्यांनी. तोवर डेपोच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बसचे नंबर पुकारायचे.

"सहा महिने म्हणजे निवांत वेळ मिळाला," दीर म्हणाला. "आता पाय छान करून देऊ."

वहिनीनं कॉम्प्युटर उघडला. तज्ज्ञाची ओळ खोडली. बॅकअपची वेळ बदलली.

"सकाळी सहा? वहिनी, तेव्हा इथे कोणी नसतं."

"हो."

"मी उठलेलासुद्धा नसतो."

"तुम्ही अकराला तरी कुठे उठलेले असता, भाऊजी?"