एक फळ कमी

मी बोलतोय तो भांड्याच्या तळातून, पाण्याखालून, शेवाळाच्या आडून. आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. फुलं-पानं रचायच्या पसरट भांड्यात खाली एक जड, गोल, काट्यांची बैठक असते ना, तो मी. दुकानात मला पिनहोल्डर म्हणतात. घरातलं माझं नाव काटेराव. अंगावर दोनशे बारा पितळी काटे आहेत आणि तरीही मी स्वभावानं भित्रा आहे, हे आधीच कबूल करतो.

भिऊ नको तर काय करू? सगळा डोलारा माझ्या अंगावर उभा. येणारा-जाणारा वरच्या पानांचं कौतुक करतो, आणि काही कलंडलं की बोट माझ्याकडे. माझ्या धंद्यातलं यश म्हणजे कुणालाही न दिसणं. त्यामुळे मला सगळं दिसतं, पण मी कुणाला दिसत नाही, आणि दिसलो तरी बोलता येत नाही. त्याचंच हे रडगाणं आहे.

माझा जन्म एका लहान कारखान्यातला. ओतीव बुडात एकेक काटा ठोकून बसवला गेला. तपासणाऱ्या माणसानं माझ्यावर तळवा टेकवला, चटकन मागे घेतला आणि म्हणाला, "हा चालेल." आयुष्यात मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्रक ते.

तिथून मी एका मोठ्या हॉटेलात गेलो. दर्शनी दालनात फुलं रचायला एक बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. खरी मावशी त्या एकाच मुलीची, बहिणीच्या लेकीची. पण हाक सगळ्यांच्या तोंडी बसलेली. तीस वर्षं त्यांनी मला वापरलं. थंडीचे दिवस आले, फुलं संपली की त्यांना खरा जोर चढायचा. बागेत सगळं वाळून गेलंय असं लोक म्हणायचे आणि मावशी तिथूनच टोपली भरून आणायच्या. खसखशीची बोंडं, बडीशेपेच्या वाळलेल्या छत्र्या, लसणाच्या फुलांचे वाळलेले गोल गेंद, सुरूच्या हिरव्या डहाळ्या, कुंपणावरची लाल फळं. जाड काड्यांची टोकं ठेचायची, हिरवं सगळं रात्रभर बादलीत पाणी पीत ठेवायचं, पाण्याखाली येणारी पानं खुडायची, मग एकेक काडी माझ्या काट्यांत रोवायची, आणि मी दिसू नये म्हणून वरून शेवाळ पसरायचं. त्यांचा एक हट्ट होता. सगळं विषम हवं. तीन छत्र्या, पाच बोंडं. फळंसुद्धा मोजायच्या. डहाळीवर दहा असली तर एक खुडून टाकायच्या. "समसमान झालं की मेलं दुकानातलं वाटतं," म्हणायच्या.

पुढे हॉटेलात प्लॅस्टिकची फुलं आली. मावशी निवृत्त झाल्या आणि भाचीकडे राहायला आल्या. येताना साहेबांना विचारून मला पिशवीत घातलं. काटेराव हे नाव भाचीनंच लहानपणी हॉटेलात आली असताना ठेवलेलं. बोटाला टोचल्याच्या रागातून. इथे मावशीला सगळे 'अगं' म्हणत, म्हणून मीही आता एकेरीवर येतो.

भाची दाताच्या दवाखान्यात कामाला. तिला एक मुलगी, चिंगी, तेव्हा अडीच वर्षांची. हाताला लागेल ते तोंडात घालायचं, हा तिचा जोडधंदा. दिवसभर ती मावशीच्या ताब्यात असे.

त्या थंडीत वर्षअखेरीला घरी माणसं जमायची होती. मावशीनं टोपली काढली तशी भाची म्हणाली, "मावशी, यंदा ती लाल फळं नकोत हं. विषारी असतात ती. हिचं काही सांगता येत नाही."

"नाही गं बाई, मला कळत नाही का? नुसती बोंडं आणि हिरवं," मावशी म्हणाली.

आणि खरंच तसंच केलं होतं. पण रचून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी केली आणि तिचा चेहरा पडला. सगळं करडं-हिरवं, मरगळलेलं. हळूच बागेत गेली, एक डहाळी घेऊन आली. दहा फळं होती. एक खुडलं, नऊ उरली. मागच्या बाजूला, पानांआडून जेमतेम डोकावेल अशी ती डहाळी तिनं माझ्यात रोवली.

भांडं खिडकीच्या कट्ट्यावर, आणि कट्ट्याखाली हीटर. ऊब लागली की ही फळं देठ सोडतात, हे मावशीनंच हॉटेलात दहा जणींना शिकवलेलं. पण लपवाछपवीत माणूस स्वतःचंच शिकवलेलं विसरतं. पहिल्याच संध्याकाळी एक फळ गळलं आणि माझ्या मधल्या काट्यांच्या फटीत अडकलं. दुसऱ्या दिवशी मावशीला सुरूची जाड डहाळी मध्ये हवीशी वाटली. चष्मा स्वयंपाकघरात राहिलेला. तिनं ती डहाळी नेमकी त्या फळावरच दाबून बसवली. झालं, फळ खाली गडप.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. पाण्याचं मीटर बघणारा माणूस आला होता. मावशी त्याच्याशी बोलायला गेली. चार मिनिटंसुद्धा झाली नसतील. चिंगीनं स्टूल सरकवलं, वर चढली आणि लाल डहाळी उपसली. मी गर्भगळीत. तिनं ती खुळखुळ्यासारखी हलवली. पाच फळं टपटप माझ्यावर पडली, शेवाळात गेली. तिला एवढं हसू आलं की बस. मग डहाळी वाकडीतिकडी खोचून ती खाली उतरली आणि आपल्या लाल खडूकडे वळली. तो मात्र तिनं मन लावून चघळला. फळ एकही तोंडात गेलं नाही. मी पाहिलंय. कुठेही शपथेवर सांगेन, पण मला विचारतंय कोण?

नेमकी त्याच दिवशी भाची लवकर घरी आली.

"मावशी! हिच्या तोंडाला लाल काय लागलंय?" मग तिची नजर खिडकीकडे गेली. "तू फळं लावलीस?"

मावशी खिडकीपाशी धावली. "एकच डहाळी गं... मागे लावली होती."

"किती होती?"

"नऊ. दहाची नऊ केली मी. नक्की नऊ."

डहाळीवर तीन उरली होती. भाचीनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी आजूबाजूला पडलीत का बघा, आणि मुलीला घेऊन या. मावशीनं भांडं ओट्यावर पालथं केलं. तीस वर्षांत तिनं रचना अशी ओरबाडून काढलेली मी पाहिली नव्हती. छत्र्या मोडल्या, बोंडं फुटून खसखस सांडली. सुरूची डहाळी तिनं एवढ्या जोरात ओढली की खालचा तुकडा माझ्यातच मोडून राहिला. शेवाळात, काट्यांत बोटं घालून ती चाचपत होती. बोटांतून रक्त यायला लागलं, तेही लालच. दोनदा तिला वाटलं फळ सापडलं.

"एक, दोन... चार... पाच. पाच आहेत. एक कमी आहे गं. एक कमी आहे!"

अहो, तुकड्याखाली! त्या मोडक्या तुकड्याखाली बघा! मी आतल्या आत किती ओरडलो. भाचीनं चिंगीला उचललं, चपलासुद्धा घातल्या नाहीत, आणि दोघी गेल्या. मावशी ओट्याला धरून उभी राहिली. नळ थेंबथेंब गळत होता, तोही तिनं बंद केला नाही.

संध्याकाळी चिंगी गाणं म्हणत परत आली. डॉक्टरांनी कापसानं तोंड पुसलं होतं. लाल रंग खडूचा निघाला. "एखादं फळ गेलं असेल पोटात, नसेलही," ते म्हणाले. "पोरगी ठणठणीत आहे. पुढे मात्र जपा."

त्या 'असेल'नं घात केला. भाची रागावली असती, ताडताड बोलली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून चिंगी मावशीच्या खोलीत असली की म्हणायची, "मावशी, दार उघडं राहू दे हं." बस, एवढंच. आणि चिंगी पाळणाघरात जायला लागली.

मावशीनं मला जुन्या फडक्यात गुंडाळून, त्या मोडक्या तुकड्यासकट, आपल्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात टाकलं. धुतलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघवत नव्हतं तिला. पोरगी गळ्यात पडायला आली तरी ती म्हणायची, "जा, आईकडे जा." ते मला खणातून ऐकू यायचं. ज्या गुन्ह्यासाठी ती झुरत होती तो घडलाच नव्हता, आणि पुरावा माझ्या पोटात होता. दोन हिवाळे मी हा घोर वाहिला. पितळ काळवंडलं ते दमटपणानं, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही.

यंदा थंडी पडल्यावर एका दुपारी खण उघडला. चिंगी रंगीत दोरे शोधत होती.

"माऊआजी, हे टोचणारं काय आहे?"

"ठेव ते! हात लावू नकोस," मावशी पलंगावरूनच म्हणाली. दार सताड उघडं. बाहेरच्या खोलीत भाची इस्त्री करत होती.

पण ऐकेल ती चिंगी कसली? माझ्यातला लाकडाचा तुकडा दोन वर्षांत वाळून आक्रसला होता. तिनं तो हलवला. माझी पाचावर धारण बसली. ते फळ घरंगळून कपाटाखाली गेलं तर? आणि देवा, आता हिनं ते खाल्लं तर? तुकडा निघाला. तिनं मला उलटं करून झटकलं आणि फडक्यावर काळपट, सुरकुतलेलं काहीतरी पडलं.

"मिरी आहे का ही?"

मावशी उठून आली. यावेळी चष्मा डोळ्यांवर होता. तिनं तो दाणा तळहातावर घेतला, नखानं खरवडला. आतून जुनाट लाल साल दिसली. तुकड्याकडे पाहिलं, माझ्या मधल्या काट्यांकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. मोजत होती.

"नऊ," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "अगं, इकडे ये! नऊ झाली!"

भाची धावत आली. मावशीनं नुसता तळहात पुढे केला. भाचीनं तो दाणा चिमटीत उचलून पाहिला. "मावशी, मी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. मावशीनं मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला. चिंगी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मिरीसाठी एवढं रडतात होय, असा तिचा चेहरा.

आता मी पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर आहे, हीटर हलवलाय. माझ्यावर तीन छत्र्या, पाच बोंडं, भरपूर सुरू. लाल म्हणून चिंगीच्या लोकरीचे गोंडे. हे सगळं कलंडेल याची धास्ती मला आहेच. स्वभावाला औषध कुठून आणू? तुम्हाला मात्र एकच सांगणं. घरात काही हरवलं, कुणावर ठपका आला, तर तळापर्यंत हात घालून बघा. टोचलं तरी बघा.

त्या दुपारचं शेवटचं सांगायचं राहिलं. भाचीनं नाक पुसलं, म्हणाली, "चहा टाकते." चिंगी मावशीच्या मांडीवर चढून बसली होती. भाची बाहेर गेली, आणि जाताना तिनं दार ओढून घेतलं.