निष्कर्षाचे प्रश्न

बाईंचा क्लास बाहेरच्या खोलीत आणि संसार आतल्या खोलीत, मध्ये फक्त एक पडदा. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत आकलनाच्या उताऱ्यांवर भल्याभल्यांची दांडी गुल होते, आणि त्याच उताऱ्यांवर बाईंचं घर चालायचं. शिकवताना त्यांचा आवाज असा लागायचा की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दोन मार्क जास्त पडावेत.

"आधी प्रश्न वाचा, मग उतारा! आणि घरून काही आणायचं नाही. उतारा मधमाश्यांवर असला आणि तुमच्या मामांचा मधाचा धंदा असला, तरी मामांना जिन्यात उभं करा. 'नेहमी', 'कधीच', 'सगळेच' असे शब्द दिसले की त्या पर्यायावर काट मारा. आणि चौथा पर्याय, 'उताऱ्यावरून सांगता येत नाही', हा पळपुट्यांचा पर्याय. उत्तर तिथंच कुठंतरी दडी मारून बसलेलं असतं. परत वाचा!"

पडद्याआड नवरा पडल्यापडल्या हे सगळं ऐकायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उभा जन्म उंच इमारतींच्या पोटात लोंबकळून काढलेला गडी आता पलंगावरून खुर्चीपर्यंत जाताना धापा टाकत होता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, आता औषध फक्त दुखणं कमी करायला. बाहेर आल्यावर त्यानं बायकोचा हात धरला होता. "पोरीची परीक्षा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. विचारलं तर कावीळ म्हणायचं. वचन दे." बाईंनी दिलं. दुसरं काय करणार होत्या?

पोरीचं घरातलं नाव भिंगरी. बाईंची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी हीच, आणि आई म्हणून नव्हे हो, मार्कच तसे असायचे. त्यातही निष्कर्षाचे प्रश्न म्हणजे तिचा हातखंडा. लेखकानं जे लिहिलं नाही पण सुचवलं, ते ती चुटकीसरशी ओळखायची. वरच्या मजल्यावरच्या काकूंची नोकरी सुटल्याचं त्यांच्या सकाळच्या चपलांच्या आवाजावरून तिनंच सांगितलं होतं.

आणि आता, परीक्षा तोंडावर आलेली असताना, सराव परीक्षेत तिचे नेमके तेच प्रश्न चुकायला लागले. माहितीचे बरोबर, शब्दार्थाचे बरोबर, निष्कर्षाचा एकूण एक चूक. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मनाजोगतं कॉलेज हातचं गेलं तर आत पडलेला हा माणूस कोणत्या समाधानानं डोळे मिटणार, हा एकच विचार त्यांना आतून कुरतडत होता. मग त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. पोरीला आणखी उतारे दिले. रोज, ढिगानं.

त्या दुपारी मुलं गेली आणि बाई भिंगरीचा पेपर घेऊन बसल्या. उतारा एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता. त्यानं नवी गिऱ्हाइकं घेणं थांबवलं, आपलं मांजर शेजारणीला दिलं, मशीनला तेल घातलं आणि वर स्वच्छ कापड झाकून ठेवलं. खाली प्रश्न: शिंप्याच्या वागण्यावरून काय निष्कर्ष निघतो? भिंगरीनं खूण केली होती, 'शिंप्याला मांजर आवडत नव्हतं.'

बाईंचं डोकंच फिरलं. "अगं, शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे! मांजर आवडत नव्हतं म्हणे! डोळे काय गहाण टाकलेस? तो आवरतोय, दिसत नाही तुला?"

"तसं लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नसतंच! म्हणून तर निष्कर्ष काढायचा!"

"मी कशाला काढू? ज्याला सांगायचंय त्यानं तोंडानं सांगावं की."

"उलट बोलू नकोस!"

भिंगरीनं पेन्सिल खाली ठेवली. ती बोलली ते अगदी हळू, पडद्याकडे बघत.

"बाबांनी त्यांच्या पान्यांची पिशवी शेजारच्या दादाला देऊन टाकली. त्यांच्या पट्ट्याला तू परत नवीन भोक पाडलंस. फोन आला की तू जिन्यात जातेस आणि आत येऊन आधी तोंड धुतेस. आणि कावीळ म्हणतेस. ह्यावरून काय निष्कर्ष काढू, आई? सांग ना. मी काढला की ते खरं होईल असं वाटतं मला. म्हणून सोडूनच दिलंय. कुठलाच काढत नाही."

बाईंना वाटलं, कुणीतरी खाडकन थोबाडीत मारली. एवढे दिवस पोरगी पानापानावर काय सांगत होती आणि आपण लाल पेनानं फुल्या मारत बसलो. दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवणारी मी! त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि नवऱ्याचा रागही आला, सगळं ओझं वचनात बांधून ठेवणाऱ्याचा. पण पोर समोर बसली होती आणि तिला विचारलेल्याचं उत्तर हवं होतं.

"बाबा बरे होणार नाहीत," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी तसं सांगितलंय. मी तुझ्याशी खोटं बोलले."

भिंगरी रडली नाही. तिनं नुसती मान हलवली. मग विचारलं, "परीक्षेपर्यंत असतील?"

बाईंनी हो म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. लेकीच्या डोळ्यांत बघून आता आणखी खोटं बोलणं त्यांच्यानं होईना.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच सांगता येत नाही गं, बाळा. कुणालाच."

मग पडद्याआडून आवाज आला. दमलेला, पण चेष्टेचा सूर तोच.

"बाई, वर्ग सुटला असेल तर पोरीला आत पाठवा."

दोघी दचकल्या. म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. बाई घाईनं उठल्या, "अहो, मी..."

"असू दे, असू दे. बरं झालं बोललीस." तो जरा थांबला, श्वास घेतला. "आणि तिला म्हणावं, उत्तर दुरुस्त कर. शिंप्याला मांजर फार आवडायचं. म्हणून तर आपल्या डोळ्यांदेखत त्याची सोय लावून ठेवली त्यानं."

"माहीत होतं मला," भिंगरी म्हणाली, आणि आता मात्र तिचा बांध फुटला. पेपर तिथंच टाकून ती पडदा सारून आत गेली. बाईंनी तिला अभ्यासाला परत बोलावलं नाही.