उचललेला उंट

निवृत्ती गांगुर्डे एसटीत कंडक्टर. नाशिक–हरसूल गाडीवर सहा वर्षं त्याचे ड्रायव्हर होते इब्राहिम शेख. हरसूलला गाडी तासभर थांबायची, तेवढ्यात दोघांचा लोहचुंबकाच्या पटावर बुद्धिबळाचा एक डाव व्हायचा. पांढऱ्या सोंगट्या कायम इब्राहिमभाईंच्या. ते राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचे, निवृत्ती सिसिलियन बचावानं उत्तर द्यायचा. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

भाई निवृत्त होऊन विंचूरला गेले. वर्षभरानं नाशिकच्या खुल्या स्पर्धेत पाचव्या फेरीला दोघं समोरासमोर आले. पांढऱ्या सोंगट्या पुन्हा भाईंच्याच.

"तेच खेळणार का?" भाईंनी बसता बसता विचारलं.

"तेच."

पहिल्या पंधरा खेळ्या सवयीनंच झाल्या. मग निवृत्तीनं हत्ती देऊन घोडा मारला. असं त्यानं हरसूलला कधी केलं नव्हतं. भाईंच्या राजापुढची प्यादी विस्कटली. ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी राजाशेजारचा उंट उचलला, वरच धरला आणि परत त्याच घरात ठेवला. तो उंट राजापुढचं प्यादं राखून होता.

पंच लांबच्या टेबलापाशी होते. कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनं पाहिलं होतं. आपण बोलावं की नाही, हे त्याचं ठरेना. त्यानं मान खाली घातली आणि कागदावर आधीच लिहिलेली खेळी पुन्हा गिरवली.

"उचललाय मी," भाई हळूच म्हणाले. "आता नियमानं हाच चालवावा लागेल."

त्यांनी उंट बाजूला नेला. निवृत्तीच्या वजिरानं प्यादं घेतलं. आठ खेळ्यांनी भाईंनी डाव सोडून हात पुढे केला.

बाहेर पायरीवर निवृत्ती म्हणाला, "उंटामुळे गेला डाव, भाई. मला काय हे जिंकणं खरं वाटत नाही."

"मग लाव पट."

दोघांनी लोहचुंबकाच्या पटावर तीच स्थिती मांडली. या वेळी भाईंनी उंट न हलवता राजा सरकवला. अर्ध्या तासानं पटावर दोन राजे आणि एक अडलेलं प्यादं उरलं. बरोबरी.

"बघा," निवृत्ती म्हणाला.

"बघितलं. पण हत्ती द्यायची हिंमत तुझीच होती," भाई सोंगट्या गोळा करत म्हणाले. "सहाव्या फेरीला कोण आहे तुला?"

निवृत्तीनं अजून यादी पाहिली नव्हती. तो पाहायला आत गेला.