सगुणाची सही

"सही तर आहे!" नूतनबाईंनी पत्रक खिडकीच्या उजेडात धरलं. खाली कोपऱ्यात निळ्या शाईत ठसठशीत अक्षरं होती, सगुणा. आणि तिच्या बरोबर वर बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ: 'दृष्टिदोषाची शक्यता असल्याने रविवारी पेण येथील नेत्रतपासणी शिबिरास पाल्यासह अवश्य उपस्थित राहावे.' शनिवारी सही होऊन पत्रक परत आलं होतं. रविवारी सुट्टीच्या दिवशी रोह्याशेजारच्या अष्टमीतल्या घरून मुद्दाम पेणला येऊन बाई शिबिराच्या दारात दोन वाजेपर्यंत उभ्या होत्या. ना सगुणा आली, ना तिची मुलगी भूमिका.

"भूमिका, आई का नाही गं आली काल?"

तिसरीतली भूमिका पुस्तकात नाक खुपसून बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "मिठावर व्हती."

दिवाळी सरली की खाडीकाठच्या या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. माणसं मिठागरावर झोपड्या टाकून राहायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बांधावरून चालत शाळेत येतात, पण आईबाप पालकसभेला काही फिरकत नाहीत. म्हणून तीन हिवाळ्यांपूर्वी बाईंनी हे साप्ताहिक पत्रक काढलं. या आठवड्यात वर्गात काय शिकवलं, तुमच्या मुलाला काय जमलं, काय नाही, सगळं एका कागदावर. शुक्रवारी मुलांच्या दप्तरातून जायचं, शनिवारी सही होऊन यायचं. एकही पत्रक बिनसहीचं राहत नसे. केंद्रप्रमुखांनी पाठ थोपटली होती, पेणच्या शिक्षण परिषदेत ती फाईल टेबलावर मांडून ठेवली होती. जोडीचे सुशील गुरुजी तेवढे म्हणाले होते, "बाई, हे कागदी घोडे झाले. एकदा जाऊन तर या तिकडं." बाईंना भारी राग आला होता. बोलायला गुरुजींचं काय जातंय! रोह्याची गाडी चुकली की घरी अंथरुणावरच्या सासऱ्यांचं औषध चुकायचं. बावीस वर्षं बाईंनी ती गाडी चुकवली नव्हती.

त्या सोमवारी चुकवली.

भूमिका पुढे आणि बाई मागे, असं दोघी बांधावरून चालल्या. पाऊण तास लागला. बाईंनी वाटेत दोनदा तिला हाताला धरून कडेवरून आत ओढलं, आणि दुसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं की पोर दर वेळी डावीकडेच कलते आहे.

सगुणा गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून लाकडी फळीनं मीठ ओढत होती. बाईंना बघून तिनं फळी टाकली.

"बाई! तुमी? पोरीनं काय केलं गो माझ्या?"

"तिनं काही नाही केलं. काल का आली नाहीस तू? डोळे तपासायचे होते तिचे. मी लिहिलं होतं."

"डोलं? कुटं लिवलं व्हतं?"

"पत्रकात. तू सही केलीस त्याच्यावर."

सगुणाचा चेहरा एकदम खुलला. "बगितलीत ना सई? आंगठा द्यायची लाज वाटायची मना. भूमीनंच शिकवली. रोज चुलीपुढं राखेत काढून बगते."

"आणि पत्रक? ते कोण वाचतं?"

"भूमीच वाचते. मना कुटं येतंय वाचाया? हिच्या बापाला, काळुरामलापण नाय येत. ती वाचते, मी सई करते."

"काय वाचलं तिनं या वेळी?"

पाठ केलेलं म्हणावं तसं सगुणा म्हणाली, "भूमिका हुशार हाय. पाढे पाठ हायेत. आईनं काळजी करू नये." मग हसून म्हणाली, "दर शुक्रवारी तेच लिवता तुमी. मी यांना म्हटलं, बाई लई चांगल्या हायेत."

नूतनबाईंनी भूमिकेकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं बांधाची माती उकरत होती.

"तुमचं अक्षर लई बारीक हाय, बाई," ती पुटपुटली. "हलतंय ते. आय वाट बगते मंग, म्हणून सांगते कायतरी."

पोरीच्या डोळ्यांची तक्रार आईपर्यंत पोचवायची, आणि ती वाचून दाखवणार पोरच! तीन हिवाळे बाई अशीच पत्रकं धाडत होत्या आणि वर शाबासकी घेत होत्या.

"सगुणा, ती डोळे बारीक करून बघते, ते तुला कधी दिसलं नाही?"

"मिठावर सगल्यांचंच डोलं बारीक व्हतात, बाई. हे बगा ना माझं." आणि खरंच, त्या पांढऱ्या चकाकीत सगुणाचे डोळे म्हणजे दोन रेघा उरल्या होत्या. बाईंचे स्वतःचेही मिटत आले होते.

बुधवारी त्या दोघींना घेऊन पेणला गेल्या. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, मग खुर्ची मागे घेतली.

"डावा डोळा लहानपणापासूनच कमजोर आहे. पाच-सहा वर्षांची असताना आणली असती, तर पट्टी बांधून पुष्कळ सुधारला असता. आता नववं चालू आहे. पट्टी बांधून बघू, पण फार आशा धरू नका. उजव्याला चष्मा लागेल, तो डोळा जपायचा."

पाच-सहा म्हणजे पहिली. बाईंना तिचं तेव्हाचं एक पत्रक जसंच्या तसं आठवलं. त्याच्या तळाशी जांभळा अंगठा होता.

सगुणा रडली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पयलीत व्हती तवा तुमी लिवलं व्हतं काय, बाई, डोल्यांचं? खरं सांगा."

हो म्हटलं असतं तरी तिला कळणार नव्हतं. बाईंच्या ओठावर ते आलंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी लिहिलं होतं, फळ्यावरचं उतरवत नाही, लक्ष नसतं, पालकांनी समज द्यावी."

"मंग मी मारलं असतं तिला," सगुणा हळूच म्हणाली. "बरं झालं, पोरीनं दुसरंच वाचलं."

नूतनबाईंना वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर सोसवलं असतं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

इतक्यात आतून नर्स कागद घेऊन आली. "पालकांची सही लागेल. इथं, खाली."

सगुणानं पेन हातात घेतलं. मिठानं चिरलेली बोटं तिनं आधी लुगड्याला पुसली. पेन कागदाला टेकवलं आणि तसंच उचललं.

"बाई, आधी वाचून दाखवा."

बाईंनी कागद घेतला. त्यावर मोठमोठे शब्द होते, त्या स्वतः लिहीत आल्या होत्या तसलेच. त्यांनी ते बाजूला सारले आणि सगुणाच्या भाषेत, एकेक करून सांगितलं. डावा डोळा बहुतेक सुधारणार नाही. चष्मा रोज लावायचा. पट्टी बांधून बघायची. दर तीन महिन्यांनी यायचं.

"परत एकदा वाचा. डाव्या डोल्याचं."

बाईंनी परत वाचलं.

सगुणानं मान हलवली. मग कागदावर वाकून तिनं सही केली, सावकाश, काना-मात्रा न चुकता. भूमिकेनं कागदाला नाक टेकवून एकेक अक्षर तपासलं.

"बराबर हाय, आय," ती म्हणाली.